समोरच्या दाताचा कोपरा

पोळ्याला शेजारच्या दीदींनी डबाभर ठेठरी आणून दिली. बेसनाची, तळलेली, चांगली कडक. पहिल्याच घासाला काहीतरी कटकन मोडलं. ठेठरीचाच तुकडा असेल म्हणून मी तो चावला, गिळलाही. आरशात पाहिलं तेव्हा समोरच्या दाताचा कोपरा गेलेला होता.

दुखत अजिबात नव्हतं. पण माझं काम बोलण्याचं. रायपूरच्या एका प्रशिक्षण संस्थेत मी ग्रामपंचायतीच्या लोकांना पाणीपुरवठ्याच्या योजना समजावून सांगतो. दुसऱ्या दिवशी तोंडापुढे हात धरून बोलत होतो, तर मागून आवाज आला, “सर, हाथ हटाइए, कुछ समझ नहीं आ रहा!” हात काढला आणि पुढच्या रांगेतल्या सगळ्या नजरा दातावर आल्या.

मी मामांना फोन केला. रायपुरात मी कोणतीही गोष्ट मामांना न सांगता केलेली नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. बारावीनंतर मामांनी मला तिरोड्याहून इथे आणलं, आपल्या रेल्वेच्या क्वार्टरमध्ये ठेवलं, मामींनी सकाळच्या कॉलेजसाठी अंधारात उठून डबे केले. प्रवेशाच्या खिडकीपाशी, खोलीच्या मालकासमोर, सगळीकडे माझ्या वतीने मामाच बोलले. आज मी जे काही आहे ते त्यांच्या बोलण्यावर उभं आहे, हे मी मनापासून मानतो.

“घाबरू नको,” मामा म्हणाले. “आपल्या घरचीच पोट्टी डॉक्टर आहे. तिचे बाबा माझ्यासंगं नोकरीत होते. मी सांगून ठेवतो.”

दवाखाना सदर बाजाराजवळ, एका कापडाच्या दुकानाच्या वर. मामा सोबत आलेच. डॉक्टर माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी दात तपासला, टकटक करून पाहिला आणि आरसा माझ्या हातात देऊन नीट समजावलं. दात आतून पूर्ण चांगला आहे. तुटलेल्या कोपऱ्यावर दाताच्याच रंगाचं मटेरियल लावून आकार देता येईल. त्यासाठी दात मशीनने फारसा घासावा लागणार नाही, पण काही वर्षांनी ते पुन्हा करावं लागेल, कडक चावलं तर निघेलही. दुसरा उपाय समोरून पातळ पापुद्रा चिकटवण्याचा, त्यात थोडं घासणं आलं. तिसरी कॅप. ती सगळ्यात मजबूत, पण तिच्यासाठी दात चारही बाजूंनी घासून बारीक करावा लागेल.

“एक बार घिस गया तो घिस गया,” त्या म्हणाल्या. “वापस नहीं आता.”

“कॅपच करून टाका, बेटा,” मामा म्हणाले. “पक्कं काम. घडी घडी कोण येईन? अन् रंग सगळ्यात सफेद वाला.”

डॉक्टर हसल्या. “अंकल, सबसे सफेद लगाया तो वही एक दाँत चमकेगा.” आमच्या गावच्या बोअरच्या पाण्याने माझे सगळे दात पिवळसर आहेत.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “आप बताइए, भैया?”

मी म्हणालो, “मामा म्हणतात तसं.”

ओळखीच्या ठिकाणी गेलं की ‘विचार करून सांगतो’ म्हणायची सोय राहत नाही. नाही म्हटलं तर ते डॉक्टरांना म्हटलेलं नसतं, ज्याने शब्द टाकला त्याला म्हटलेलं असतं. दात घासायची तारीख ठरली आणि तोपर्यंत माझी जीभ सतत त्या तुटलेल्या कडेवर जात राहिली. एवढासा कोपरा गेला म्हणून अख्खा चांगला दात घासून टाकायचा? मी मामांना फोन लावला. मी तोंड उघडायच्या आतच ते म्हणाले, “तिच्या बाबांचा फोन आला होता. म्हणे, आपला पोरगा समजून करते ती.” मी बरं म्हणून फोन ठेवला.

ठरल्या दिवशी मामा माझ्याआधीच येऊन बसले होते. खुर्ची मागे झुकली, डोळ्यांवर दिव्याचा उजेड आला. हिरडीत सुई गेली. हळूहळू वरचा ओठ जड झाला, मग माझा राहिलाच नाही. मामा दाराशी स्टुलावर बसून मदतनीस मुलीला माझ्या नोकरीबद्दल सांगत होते. मशीनचा बारीक, चिरत जाणारा आवाज सुरू झाला आणि जवळ आला.

मी हात वर केला.

मशीन थांबलं. “दुखा क्या?”

“नहीं.” ओठ हलत नव्हता, शब्द फाटून येत होते. “कैप नहीं. वो पहले वाला... कोपऱ्याचं.”

मामा उठून आत आले. “काय म्हणून राहिला?”

“मामा, दात चांगला आहे. मला तो घासायचा नाही.”

“अन् हे आता सांगून राहिला? सुई टोचल्यावर?” त्यांचा आवाज चढला. “घरी काहून नाही बोलला? तोंड नव्हतं तुले?”

मशीनचं टोक अजून माझ्या तोंडाजवळच होतं. मी फक्त मान हलवली, नाही म्हणून. इतक्या वर्षांत मी मामांना दिलेला तो पहिला नकार होता, तोही आडवा पडून, लाळ गळत असताना.

डॉक्टर म्हणाल्या, “अंकल, कैप बाद में कभी भी हो सकती है. आज घिस दिया, तो ये वाला फिर कभी नहीं होगा.”

मामा बाहेर निघून गेले. जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू येत राहिला, मग तोही थांबला. कोपरा लावून होईपर्यंत माझं लक्ष दाताकडे नव्हतंच. मामा गेले असतील, या एकाच विचाराने मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो होतो.

खाली उतरलो तर ते समोरच्या चहाच्या टपरीवर उभे होते. मी जवळ जाऊन ओठ वर करून दाखवला. त्यांनी पाहिलं न पाहिलं केलं.

“हे निघालं तं मले सांगू नको.”

“नाही सांगणार.”

“अन् तिच्या बाबांले तूच फोन करशील. मी नाही करत.”

“करतो, मामा.”

टपरीवाल्याने दोन चहा पुढे केले. मी माझा ग्लास उचलून तोंडाशी नेला, तेवढ्यात मामांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

“ओठ सुन्न आहे ना बे तुझा. पोळन अन् समजणार बी नाही.”

दोन्ही हातांत दोन ग्लास धरून, रस्त्याकडे बघत, ते माझा चहा थंड व्हायची वाट पाहत उभे राहिले.