सज्ञान मुलीचा बाप

लासुर्ण्याच्या शाळेत मी नागरिकशास्त्र शिकवतो. अठरा वर्षं पूर्ण झाली की माणूस सज्ञान होतो, मग त्याचे निर्णय त्याचेच, हे मी वर्षानुवर्षं पोरांना ठासून सांगत आलोय. आमची मुलगी अठराची होऊन बारामतीच्या कॉलेजात गेली, तेव्हा मात्र मी रोज सकाळी फोन करून तिला विचारायचो, "दूध पिलीस का?"

मागच्या हिवाळ्यात एका दुपारी तिचाच फोन आला. "पप्पा, पोटात दुखत होतं म्हणून मैत्रिणीबरोबर दवाखान्यात आले. अपेंडिक्स हाय, आजच ऑपरेशन करणारेत. घाबरू नका, गाडी हळू चालवा."

मी अजिबात घाबरलो नाही. वाटेतलं सणसर गाव मागं पडल्यावर फक्त एवढंच लक्षात आलं, की बायकोला गाडीवर घ्यायचं राहून गेलंय. ती पर्स घेऊन दारात उभी होती. फोनवर ती शांतपणे म्हणाली, "तुमी व्हा पुढं. मी यष्टीनं येते."

दवाखान्यात सिस्टरांनी संमतीचा फॉर्म पुढं केला. मी खिशातून पेन काढलं.

"तुम्ही खाली सही करा, साक्षीदार म्हणून," त्या म्हणाल्या. "वरची सही पेशंटची."

"अहो, लहान हाय ती!"

"वय एकोणीस लिहिलंय."

"पण मी बाप हाय. जबाबदारी माझी हाय."

शेजारी उभे असलेले डॉक्टर म्हणाले, "जबाबदारी तुमची असेल सर, पण पोट तिचं आहे."

मुलीनं फॉर्म नीट वाचला. टाके किती पडतील, चालता कधी येईल, प्रॅक्टिकलला बसता येईल का, सगळं विचारलं आणि सही केली. पहिलीपासून तिच्या प्रत्येक कागदावर माझी सही होती. त्या दिवशी पहिल्यांदाच माझं नाव खाली गेलं, आणि खरं सांगतो, ते मला लागलं.

मग सिस्टरांनी सलाईन लावायला सुई काढली. "बाळा, तिकडं बघू नकोस," असं म्हणून मीच बघितलं.

डोळे उघडले तेव्हा मी शेजारच्या कॉटवर आडवा होतो. सिस्टर विचारत होत्या, "यांच्यासोबत कोण आहे?"

"मी," सलाईन लावलेला हात वर करत मुलगी म्हणाली. "जेवले नसतील ते. बिस्कीट द्या त्यांना."

तेवढ्यात बायको आली. तिनं आधी मला बघितलं, मग मुलीला. "ऑपरेशन नेमकं कुणाचं हाय?"

ऑपरेशन नीट झालं. तासाभरानं मुलीला बाहेर आणलं, तेव्हा बायकोनं माझा हात घट्ट धरला. तीसुद्धा घाबरली होती, हे मला तेव्हा कळलं.

पंधरा दिवस घरी राहून मुलगी परत निघाली. मी सोडायला येतो म्हणालो, तर एकटी जाईन म्हणाली. वजन उचलायला बंदी होती, म्हणून बॅग तेवढी माझ्या वाट्याला आली. ती यष्टीत ठेवून मी खाली उतरलो आणि गाडी सुटेपर्यंत एकही सूचना केली नाही. दोनदा तोंड उघडलं गेलं, पण ते जांभईवर निभावलं.