आठवा नट

बोल्ट हातात आला की मिस्त्री आधी त्याच्या डोक्यावरून अंगठा फिरवायचे. जवळचं नीट दिसेनासं झालं होतं, पण डोक्यावरच्या उठावाच्या रेघा अंगठ्याला बरोबर कळायच्या. सहा रेघा लागल्या की मान हलायची. गुळगुळीत डोकं लागलं की बोल्ट बाजूला.

"मुका हाय हा," म्हणायचे. "कुठला, किती ताकदीचा, काय सांगत नाय. ह्याच्या भरवशावर माणसं नाय बसवायची."

आडगाव नाक्याजवळ त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. तुम्ही त्या रस्त्यानं गेला असाल तर ट्रकखाली पोत्यावर पडलेले त्यांचे पाय तरी पाहिलेच असतील. चेहरा फार कमी लोकांनी पाहिला.

आमच्याकडे मखमलाबादला एक जुना नाकवाला, म्हणजे पुढे बॉनेट असलेला ट्रक आहे. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यातून पस्तीस वर्षं टोमॅटो आणि झेंडू वाहिला. त्या साऱ्या वर्षांत गाडीला मिस्त्रींशिवाय कोणाचा पाना लागला नाही. माझ्या पुतण्याचं लग्न ठरलं तेव्हा आप्पांनी हट्ट धरला, वऱ्हाड याच ट्रकमधून न्यायचं आणि तो मीच चालवणार. लग्न चांदवडच्या पुढे, राहूड घाट उतरून.

मिस्त्रींनी आमच्या अंगणातच गाडी जॅकवर घेतली. मागचा ॲक्सल स्प्रिंगच्या पाट्यांवरून बोटभर सरकला होता. पाटे आणि ॲक्सल एकत्र आवळून धरणारे चार यू बोल्ट ताणून गेले होते. मिस्त्रींनी ते चारही भंगारात टाकले आणि तसेच नवे करवून घेतले. जुने नटही परत लावू देईनात. "एकदा ताण खाल्लेला नट पुन्हा इमानी राहत नाय, दादा."

नवे आठ नट मीच आणले होते. त्यातल्या एकाचे आटे खराब निघाले. लग्नाच्या आदल्या दुपारी सात नट कसून मिस्त्री उठले. "आठवा उद्या सकाळी लावू. दुसरा आणून ठेवा. आणि बघून आणा. ह्या गाडीचे आटे इंचाचे. आजकालचा नट मिलिमीटरचा असतो. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात."

मी गेलो तेव्हा दुकान बंद होतं. घरी पाहुणे आलेले, मांडवाची कामं पडलेली. आमच्या शेडमधल्या डब्यात तसाच दिसणारा एक नट सापडला. दोन-तीन आटे हातानं फिरला, मग अडला. मी पान्याला लांब पाइप लावला आणि सगळं वजन टाकून तो बसवला. करकर आवाज आला. मिस्त्रींना फोन केला, "मिळाला. लावूनही टाकला."

"घट्ट गेला का सरळ गेला?" त्यांनी विचारलं.

"सरळ," मी म्हणालो.

सकाळी ट्रकला तोरण लागलं होतं. मागे गादीवर बायका आणि लेकरं मिळून पंचवीस जणं बसली होती. आप्पा फेटा बांधून स्टिअरिंगवर. इंजिन सुरू होतं. तेवढ्यात मिस्त्री सायकलवरून आले, पाना घेऊन थेट मागच्या चाकाशी बसले.

"पाटे रातभरात बसतात. एकदा कसून देतो," म्हणाले.

एकेक नट ते तपासत गेले. मी शेजारी उभा होतो. आठव्या नटाला पाना लावला आणि तो जोर न लावताच गरगर फिरला. मिस्त्रींनी नट काढून तळहातावर घेतला. त्याच्याबरोबर लोखंडाचा बारीक किस पडला. नटाचे आणि बोल्टचेही आटे साफ गेले होते.

ते उठून पुढे गेले. "आप्पा, इंजिन बंद करा. समदे खाली उतरा."

"मिस्त्री, मुहूर्त टळेल!" आप्पा ओरडले.

"टळू द्या. गाडी घाटात जाणार नाय."

आप्पा खाली उतरले. त्यांनी तो नट पाहिला. "हा कोणी लावला?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "मीच. घाईत चुकलो."

मी बोलायला हवं होतं. नाही बोललो.

वऱ्हाड दोन टेम्पोंतून गेलं. लग्न वेळेत लागलं. पण आप्पांनी ट्रक दुसऱ्या गॅरेजला दिला आणि का दिला हे ओळखीच्या सगळ्यांना सांगितलं. मिस्त्रींकडची दोन-तीन जुनी गिऱ्हाइकंही सुटली.

मी एकदा गॅरेजवर गेलो. "तुम्ही असं का केलंत?"

ते काम करतच होते. "आप्पा तुमच्या आधारानं राहतात. तुमच्या हाताची भीती बसली असती तर घरात कोणाच्या भरवशावर बसले असते? माझं काय, मी भाईरचा."

"मी सांगतो त्यांना."

"सांगा. सवडीनं सांगा."

ती सवड मला वर्षभर मिळाली नाही.

या वर्षी मिस्त्री गेले. गोदाकाठी दशक्रियेला निम्मं आडगाव आलं होतं. श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली, तसे आप्पा काठी टेकत माइकपाशी गेले. "पस्तीस वर्षं याच्या हातची गाडी चालवली. आयुष्यात एकदाच चुकला," ते म्हणाले. मनात राग नव्हता. त्यांनी मिस्त्रींना माफ करून टाकलं होतं.

मी उभा राहिलो.

"आप्पा, ते चुकले नव्हते. तो नट मी लावला होता."

माझ्यापुढे माइक नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. पुढच्या रांगेत बसलेल्या मिस्त्रींच्या बायकोनं पदर तोंडाशी नेला. आप्पा माइक खाली ठेवून मिस्त्रींच्या फोटोकडे वळले. फूल त्यांनी मघाशीच वाहिलं होतं. मी जवळ गेलो, तशी त्यांनी काठी माझ्या हातात दिली आणि दोन्ही हातांनी पुन्हा एकदा फूल वाहिलं.