सातवी बशी

प्रयोगशाळेत काचेची भांडी घासण्यात मावशींची बावीस वर्षं गेली. नियम एकच: बशीत बुरशी दिसली की विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, बशी स्वच्छ दिसली की धुऊन टाकायची.

त्या दिवशी प्रयोग करणाऱ्या तरुण बाई येऊन पाहतात तो एक बशी गायब. सात बशांत सात झाडांच्या पाल्याचे अर्क घालून त्यांनी बुरशी पेरली होती. कोणता पाला तिला वाढू देत नाही, ते पाहायचं होतं. सहा बशांत बुरशी पिंजलेल्या कापसासारखी फुगली होती. निलगिरीची सातवी मात्र मोरीजवळ पालथी, लख्ख!

बाईंनी ती उचलून उजेडात धरली. "मावशी, आठ दिवसांची मेहनत पाण्यात! तिच्यात बुरशी आली होती का, आता कुणाला विचारू?"

मावशींची जीभ मात्र शाबूत होती. "मला विचारा की. आली असती तर मी धुतली असती का?"

बाई हसत सुटल्या. तरी एका साक्षीवर भागेना, म्हणून त्यांनी निलगिरीच्या तीन बशा पुन्हा लावल्या. आठ दिवसांनी तिन्ही कोऱ्या करकरीत.

मावशी साबण घेऊन लांबच उभ्या. "किती स्वच्छ दिसतायत हो, बाई! हात नुसते शिवशिवतायत."