सवितानं रंगवलेले आबांचे डोळे

मंडळी, आज भांडगावला एका ओळखीच्या घरी गेलो होतो. तिथं वारलेल्या आबांचं चित्र लावलंय, हुबेहूब फोटोसारखं. रंगवलंय रांजणगावच्या कंपनीत काम करणाऱ्या सवितानं.

मी वीस वर्षं शिरूरमध्ये पोर्ट्रेट करतो. ती छापील फोटोवरच रंग फिरवते, असं मी वर्षभर लोकांना सांगत होतो.

आबांच्या बायकोला म्हणालो, "मामी, मूळ फोटो दाखवा की."

फोटोत आबांचे डोळे मिटलेले होते, चित्रात मात्र उघडे.

"चारदा आली ती," मामी म्हणाल्या. "डोळं कसं हुतं, इचारून इचारून रंगवलं."

म्हणजे छापलेलं काहीच नव्हतं. माझ्या पोटात दुखलं, अजून दुखतंय. माफी मागायला तिला फोन लावणार होतो, पण हे तुम्हालाच लिहीत बसलो. तुम्ही लावला असता?