बिनदाराची माय

ज्या वर्षी माझी मुलगी घर सोडून आत्याकडे गेली, त्या वर्षी मी देवापुढे दिवा लावणं बंद केलं होतं. रागाने नाही, त्यात वेळ जातो असं वाटायला लागलं होतं म्हणून. गोंडपिपरीला माझं शिवणकामाचं दुकान आहे. गणवेश, ब्लाऊज, पिशव्या, हाताला काम भरपूर. देवाने माझं काही बघितलं असेल तर तेव्हा बघितलं नाही जेव्हा बघायला हवं होतं, एवढाच माझा हिशेब होता.

आमच्या घरात एकाही दाराला आतून कडी नव्हती. लग्न होऊन आले तेव्हा मीच त्या काढल्या. नवऱ्याने एकदा कारण विचारलं. मी सांगितलं नाही, त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. कारण असं होतं. आईवडील लवकर गेले, म्हणून मी नागभीडजवळच्या एका खेड्यात काकांकडे वाढले. काका पिऊन आले की मला रिकाम्या ढोल्यात टाकायचे. ढोला म्हणजे धान साठवायची बांबूची उंच कणगी, शेणाने लिंपलेली. तोंडावर फळी आणि फळीवर पाटा. रडलं की जास्त वेळ राहावं लागायचं, म्हणून मी रडायचं सोडलं. बाहेर काकूच्या बांगड्या वाजायच्या. ती तिथेच असायची.

काका वारून कितीतरी वर्षं झाली, पण ढोला माझ्यातून गेला नाही. कुठे दार आपटलं की शिवताशिवता मशीन थांबवून मी दाराकडे बघत बसायचे. नव्या धानाचा वास आला की मी रस्ता बदलायचे. झोप अर्धीच, तीही दाराकडे तोंड करून. हे सगळं मी झाकून ठेवलं होतं आणि कामाच्या जोरावर चालवलं होतं.

मुलगी तेरा वर्षांची झाली तशी न्हाणीघराला कडी मागू लागली. बरोबरच होतं तिचं. मी पडदा शिवून दिला. शेवटी तिने बापाकडून गुपचूप कडी बसवून घेतली. एक दिवस मी हाक मारली, बादलीत पाणी पडत होतं म्हणून तिला ऐकू आलं नाही. दार ढकललं तर आतून बंद. पुढचं मला नीट आठवत नाही. कुऱ्हाड हातात होती आणि दाराची फळी फुटली होती. आत पोरगी कोपऱ्यात उकिडवी बसली होती, दोन्ही हात डोक्यावर. ढोल्यात मी अशीच बसायचे.

दुसऱ्या दिवशी ती सिरोंच्याला आत्याकडे गेली. आठवड्याने एसटीडी बूथवरून मी फोन केला. ती शांतपणे बोलली. "कडी लावू देशीन तं येतो मी. नाई तं नाई." मला हो म्हणता आलं नाही.

मग नवऱ्याने मला चंद्रपूरला डॉक्टरांकडे नेलं. तिथे पहिल्यांदा मी ढोल्याबद्दल बोलले. त्यांनी एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, दर महिन्याला बोलायला बोलावलं. गोळ्यांनी झोप सुधारली. पण हे मुळापासून जाईलच असं नाही, त्याच्यासकट राहायला शिकायचं, असं ते म्हणाले तेव्हा मला संताप आला. बरं व्हायचं नसेल तर पोरीला आणायचं कसं?

तरी चैत्रात मी निघाले. काय बोलणार हे ठरलं नव्हतं. आलापल्ली सोडून बस जंगलात शिरली आणि थोड्या वेळाने बंद पडली. ड्रायव्हर म्हणाला इंजिनचा पट्टा तुटला, दुसरा येईपर्यंत बसा. ऊन चढलेलं. रस्त्यापासून आत मोहाची मोठी झाडं होती आणि त्यांच्या बुडाशी विटांचं एक लहान देऊळ. मी सावलीला आत जाऊन बसले. शेंदूर फासलेला एक दगड, पुढे मोहफुलांची ओंजळ. चौकट होती, चौकटीला बिजागऱ्याही होत्या, दार तेवढं नव्हतं.

फुलं वेचणारी एक म्हातारी माडिया आदिवासी बाई टोपली घेऊन आली आणि पायरीवर टेकली. मला पाणी दिलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, दार चोरीला गेलं का?

"चोरी कोन करन? आमीच काढलं," ती म्हणाली. "एका ठेकेदारानं बांधून देल्लं होतं. मायले दार नाई चालत."

"काऊन?" मी विचारलं.

"कोनाले मालूम. भेव वाटत असन."

देवीला भीती वाटते, हे तिने इतकं सहज सांगितलं की मला हसू आलं. मी थट्टेनेच म्हटलं, मग गावात तुम्हीही कोणी दारं लावत नसाल.

ती माझ्याकडे वेड्या माणसाकडे बघावं तशी बघत राहिली. "आमी काऊन नाई लावाव? कुत्रे घुसतेत, डुकरं घुसतेत. तिचं तिच्यापाशी, आमचं आमच्यापाशी. ती काई आमच्या दाराले हात नाई लावत."

एवढं बोलून तिने टोपली उचलली आणि दुसऱ्या झाडाखाली गेली. मी बसून राहिले. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की माझी पाठ बाहेरच्या बाजूला आहे. अशी मी जन्मात कुठे बसले नव्हते. मग रडू आलं, आवाजासकट. कोणी वर पाटा ठेवला नाही.

पट्टा तिथेच का तुटला, हे मी कोणाला विचारलं नाही. पट्टे तुटतात.

सिरोंच्याला पोहोचल्यावर पोरीला ढोल्याची गोष्ट सांगितली, थोडक्यात. म्हटलं, तू कडी लाव, मी तुझ्या दाराला हात लावणार नाही. निघताना माझी पिशवी तिने घेतली आणि माझ्याबरोबर बसमध्ये चढली.

न्हाणीघराला नवं दार केलं, आतून कडी लावली. पहिल्या दिवशी तिने कडी सरकवली तो आवाज माझ्या बरगड्यांत वाजला. मी अंगणात जाऊन बसले, हात पदरात घट्ट गुंडाळून, आणि "माय, माय" म्हणत राहिले. ती बाहेर आली, ओल्या केसांनी माझ्याजवळ बसली. म्हणाली, "बसूनच हायेस?" मी म्हटलं, बसूनच आहे.

माझ्या खोलीला आजही कडी नाही. पूर्वी मी प्रार्थनेत बरं कर म्हणायचे. आता संध्याकाळी दिवा लावते तेव्हा माझी भीती मायपुढे ठेवते आणि सांगते, हे तुझ्यामाझ्यात राहू दे, पोरीच्या दारापर्यंत जाऊ देऊ नको. काही दिवस ते जमतं. जमत नाही त्या दिवशी अंगणात जाऊन बसते. बिनदाराच्या त्या मायने मला तेवढी जागा दिली, आणि मला ती पुरते.