एका पेशीचे भाऊजी

कन्हेरीत वेड्यांची कधीच उणीव नव्हती, पण मेंदूच्या एका पेशीपायी अख्ख्या गावाचं डोकं खाणारा माणूस एकच, आमचे धाकटे दीर. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. भाऊजी बारामतीच्या कॉलेजात शिकवायचे. पुण्याहून त्यांनी फ्लॉप्या आणल्या होत्या. त्यातल्या सॉफ्टवेअरनं म्हणे मेंदूतली पेशी कॉम्प्युटरात उभी करता यायची. पेशीला फांद्या किती, जाडी किती, मीठ आत-बाहेर कसं जातं, सगळं टाइप करायचं. मग यंत्र तीन दिवस गणित करणार आणि शेवटी पडद्यावर एक रेघ उडी मारणार. म्हणजे पेशी बोलली! जेवतानाही ते पिठल्यात बोटानं पेशी काढायचे, वर म्हणायचे, "वहिनी, वाढू नका, फांदी मोडंल."

पुण्याच्या विद्यापीठातल्या एका सरांची अट होती: सोमवारी ती रेघ दाखव, तरच संशोधनाला घेतो. लाईटचा भरवसा नव्हता, म्हणून भाऊजींनी आबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, ट्रॅक्टरची बॅटरी काढून इन्व्हर्टरला जोडली आणि मंगळवारी गणित सुरू केलं. मी तेव्हा स्वतःला फार शहाणी समजत असे. रिकाम्या खोलीत दिवा जळणं आमच्याकडे पाप, आणि ते पाप पकडणं हे माझं खातं. गुरुवारी दुपारी बघते तर पडदा काळा, खोक्याची नुसती घरघर. "विसरले बाई!" म्हणत मी बटण बंद केलं, वर विणलेला रुमालही घातला आणि शाबासकीची वाट बघत बसले.

भाऊजींनी रुमाल उचलला. ओरडले असते तर बरं. हळूच म्हणाले, "वहिनी, उद्या बोलणार होती ती."

पुन्हा पहिल्यापासून. रविवार दुपारपर्यंत. आणि शुक्रवारी आबा बॅटरी काढायला पाना घेऊन दारात!

"सूनबाई, सर बाजूला. रान नांगरायचं हाय."

पदर खोचून मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या आडवी उभी राहिले. "रान कुठं पळून जातंय व्हय, आबा? एकदा माझ्या हातनं मेली ती. आता हात लावायचा न्हाय."

"एका घरात दोन येडी," म्हणत आबा गेले. बटणावर मी स्वतःच कागद चिकटवला: 'चालू आहे. बंद करू नये.'

रविवारी रेघ उडाली. भाऊजी नाचले, मी नाचले. आबांनी चष्मा पुसून विचारलं, "मग? काय म्हणाली?"

हल्ली मला नावं आठवत नाहीत. परवा जेवताना बोलता बोलता मध्येच अडकले. नातवंडं भराभर शब्द पुरवायला लागली. समोर बसलेल्या, मिशा पिकलेल्या भाऊजींनी डावा हात वर केला.

"गप रं समदी. चालू हाय. बंद करू नका."

आणि पिठल्यातलं बोट तसंच ठेवून ते माझी वाट बघत राहिले.