गवंड्यानं वाचलेली भिंत

माझे वडील गवंडी. चाळीस वर्षं लोकांची घरं बांधली आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी परांचीवरून पडले. गुडघ्याची वाटी फुटली. डॉक्टरांनी शिडी चढायला कायमची बंदी घातली. सहा महिने घरात बसून ते आमच्याच भिंतींचा गिलावा कुठे फुगलाय ते दाखवत राहिले. शेवटी आई मला म्हणाली, "यांना कुठेतरी कामाला लाव गं. नाहीतर हे घर पाडून पुन्हा बांधायला घेतील."

गावाबाहेर जुन्या नगराचं उत्खनन चाललं होतं. हजारो वर्षांपूर्वीचं शहर. गल्ल्या, घरं, विहिरी हळूहळू वर येत होत्या. उघड्या पडलेल्या भिंती ढासळू नयेत म्हणून तिथे गवंडी हवा होता. बाबा ऐकून हसले. "बरंय. इथे चढायचं नाही, उतरायचं आहे."

कामाच्या प्रमुख एक पन्नाशीच्या बाई होत्या. सगळे त्यांना बाईच म्हणत. हाताखाली चष्मेवाले सर. शिकलेले, मेहनती, पण कुणी मधे बोललेलं खपवून न घेणारे. तिसऱ्या गल्लीतल्या एका दालनावर सरांनी दोन वर्षं घालवली होती. दालन मोठं, पण सगळंच विचित्र. दार कोपऱ्यात कोंबलेलं, खांबांची बैठक मधोमध नाही, आणि बसायचा ओटा भिंतीपाशी येऊन एकदम तुटलेला. असं घर कुणी राहण्यासाठी बांधणार नाही, तेव्हा हे देवस्थान असावं, असं सरांनी लिहून ठेवलं होतं.

बाबा त्याच भिंतीच्या फटी चिखलानं भरत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी हात थांबवला आणि बाईंना हाक मारली.

"बाई, ही भिंत नंतरची आहे."

"कशावरून?" सरच आधी बोलले.

"एकत्र बांधलेल्या भिंती कोपऱ्यात एकमेकींत गुंततात, सर. एक वीट हिची, एक तिची. इथे ही नुसती टेकलीय. वरपासून खालपर्यंत सरळ फट आहे, बोट घालून बघा."

सरांनी बोट घातलं. मग म्हणाले, "भिंत खचूनही फट पडते."

"पडते ना. पण ती वेडीवाकडी पडते."

बाईंनी स्वतः फटीत बोट घालून बघितलं. कुणाच्या शब्दावर त्यांनी कधी होकार दिला नव्हता, बाबांच्याही नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीच्या पायथ्याशी हातभर खड्डा घ्यायला लावला. माती ब्रशनं झाडत झाडत खाली गेले, तर दालनाची चुन्याची जमीन भिंतीखालून सलग पलीकडे गेलेली! पलीकडच्या, वेगळ्या म्हणून नोंदलेल्या घरात तीच जमीन, तोच चुना. आणि ओट्याचा उरलेला तुकडाही तिथेच.

"म्हणजे एकच घर," बाई म्हणाल्या. "मधे भिंत का घातली असेल?"

"भाऊ भांडले असतील," बाबा म्हणाले. "अशा पंधरा-वीस भिंती मी स्वतः घातल्यात, बाई. भावांचं फाटलं की गवंड्याचं फावतं."

बाई मोठ्यानं हसल्या, पण वहीत लिहिलं ते एवढंच : 'एक घर, नंतर विभागलेलं.' भांडण मातीत सापडत नाही, असं त्यांनी बाबांना सांगितलं. बाबांना ते पटलं. पुढे अंगणातली मोरी स्वयंपाकघराची, असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं आणि ती कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्याची निघाली, तेव्हा तर फारच पटलं.

भिंत अंगणात जिथे संपत होती तिथे विहीर होती. भिंत बरोबर काठावर येऊन थांबलेली. काठाच्या दगडावर दोराच्या घळी होत्या, भिंतीच्या अलीकडे आणि पलीकडेही. वाटणी झाली, पण पाणी दोघांचं राहिलं. सरांनी उकिडवं बसून दोन्हीकडच्या घळींवरून बोट फिरवलं. मग उठले, आपला देवस्थानाचा कागद फाडला आणि म्हणाले, "मामा, उद्यापासून गल्लीतली प्रत्येक भिंत आपण दोघं बघायची."

दीड वर्ष बघितली. अकरा घरांची सहा झाली. गल्लीचा नकाशाच बदलला.

अहवाल छापून आला त्या दिवशी बाबा तो कापडात गुंडाळून घरी घेऊन आले. पहिल्या पानावर बाईंचं नाव, मग सरांचं, आणि तिसऱ्या ओळीत, त्याच आकाराच्या अक्षरांत : 'भिंतींचे वाचन', आणि पुढे बाबांचं नाव. चौथीत शाळा सुटलेला माणूस! आईनं हात पुसून ती ओळ दोनदा वाचली. मी ऑफिसात ते पान सगळ्यांना दाखवलं. साहेबांनाही सोडलं नाही.

आता दर हिवाळ्यात विद्यापीठाची मुलंमुली येतात. पहिले दोन दिवस त्यांनी बाबांबरोबर भिंती बघायच्या, असा बाईंचा नियम आहे. मीही एकदा मागे उभी राहून ऐकलं. एका मुलीनं खालच्या खड्ड्यातल्या पायऱ्यांकडे बोट दाखवत विचारलं, "तो जिना कुठे जात होता?" सात पायऱ्या, आणि पुढे काहीच नाही.

बाबांनी मान खाजवली. "चार महिने झाले बघतोय, पोरी. अजून कळलं नाही. ये, तूही बघ."

आणि गुडघ्यावर हात टेकत ते तिच्याबरोबर खाली उतरले.